पार्सल आईच्या दारात, ओटीपी मुलाच्या फोनवर

ही तक्रार आमच्या सोसायटीत, नातेवाइकांत, भजनी मंडळातल्या मैत्रिणींकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. ज्यांच्या घरी हेच होतं त्यांनी वाचावं. त्यांच्या मुलासुनांनी, लेकीजावयांनी तर नक्की वाचावं.

आमच्या समोरच्या माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत. घर तिसऱ्या मजल्यावर, पुण्यातली जुनी इमारत, लिफ्ट नाही. मोठ्यांचे डायपर, अंथरुणावर घालायच्या शीट्स, कणीक, तेलाचा पाच लिटरचा कॅन, फिनेल, साबण असं सगळं मुलगा तिकडून स्वतःच्या ॲपवर मागवायचा. पैसेही तोच भरायचा. काळजीपोटीच करत होता.

एक दिवस सकाळी अकराला डिलिव्हरीवाला पोरगा दोन मोठी खोकी घेऊन तीन जिने चढून आला आणि म्हणाला, "आजी, ओटीपी सांगा." माईंच्या फोनवर काहीच आलेलं नव्हतं. येणार कसं? ओटीपी गेला न्यू जर्सीला आणि तिथे रात्रीचा दीड वाजला होता. माईंनी तीनदा फोन लावला, मुलगा गाढ झोपेत. पोरग्याने दहाएक मिनिटं वाट पाहिली, "आजी, मला पुढच्या डिलिव्हऱ्या आहेत हो" म्हणाला आणि खोकी उचलून खाली गेला. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. ओटीपीशिवाय त्याला सामान सोडता येत नव्हतं. घरात एकच डायपर उरला होता.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं आणि दर वेळी निष्कर्ष एकच निघायचा: "आईला ते ऑनलाइन जमत नाही." मला हा निष्कर्ष मान्य नाही. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फॉल्टच्या कामात. १९८ या बिघाडाच्या तक्रारीच्या नंबरावर फोन आला की आम्ही ग्राहकाला दोष देत बसत नसू. एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा एक्सचेंजला जिथे जोडतात त्या चौकटीवर, लाइन सोडवून एक्सचेंजची बाजू वेगळी तपासायची, बाहेरची वेगळी. खराबी कोणत्या बाजूला आहे ते कळलं की अर्धं काम झालं. माईंच्या घरीही मी तेच केलं. खराबी माईंच्या वयात नव्हती. खातं ज्या नंबरावर उघडलं होतं, तिथे होती.

खातं कोणाच्या नंबरावर आहे ते आधी बघा

बहुतेक ॲपमध्ये दोन वेगळे फोन नंबर असतात आणि घरच्यांना हे ठाऊक नसतं. एक खात्याचा नंबर, ज्याने लॉगिन होतं. दुसरा पत्त्यासोबत लिहिलेला. डिलिव्हरीवाला फोन करतो तो सहसा पत्त्यासोबतच्या नंबरावर. ओटीपी मात्र बरेचदा खात्याच्या नंबरावर जातो. मुलाने पत्त्यात आईचा नंबर घातला की त्याला वाटतं काम झालं. पोरग्याचा फोन आईला येतो, ओटीपी मुलाला जातो आणि दोघांच्या मध्ये साडेनऊ तासांचं अंतर असतं, थंडीत साडेदहा तासांचं.

तपासायला सोपं आहे. ॲपमध्ये 'माझं खातं' किंवा 'प्रोफाइल' उघडा आणि तिथे कोणता नंबर दिसतो ते बघा. सामान ज्याच्या दारात येतं त्याचा तो नसेल, तर बहुतेक वेळा खराबी हीच.

यावरचा पक्का उपाय म्हणजे आईवडिलांचं स्वतःचं खातं, त्यांच्याच नंबरावर, त्यांच्याच फोनमध्ये. मुलाच्या खात्याचा नंबर बदलून तिथे आईचा घालण्याचा उपद्व्याप करू नका. तसं केलं की मुलाच्या स्वतःच्या ऑर्डरींचे ओटीपी आईला यायला लागतात आणि नवा गोंधळ सुरू होतो. नवीन खातं उघडताना "हा नंबर आधीच वापरात आहे" असा निरोप आला, तर घाबरायचं कारण नाही. कोणीतरी पूर्वी तो नंबर आपल्या खात्याला जोडलेला असतो. ज्याने जोडला त्यालाच तो काढायला सांगा. माईंच्या बाबतीत भाचीने दिवाळीत जोडला होता आणि विसरून गेली होती. जुन्या खात्याच्या वॉलेटमध्ये पैसे असतील तर ते आधी वापरून संपवा, कारण ते आपोआप नव्या खात्यात येत नाहीत.

मुलाला काही कारणाने स्वतःच्याच खात्यातून मागवायचं असेल, तर त्याने निदान एवढं करावं: डिलिव्हरीची वेळ आपल्या जागेपणीची निवडावी. पुण्यातली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. पुष्कळ ॲपमध्ये ओटीपी मेसेजशिवाय ऑर्डरच्या पानावरही दिसतो, तो आधीच आईला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावा. हा तात्पुरता जुगाड आहे. दोन-तीन वेळा चालेल, कायमचा नाही.

नवं खातं उघडल्यावर पहिली ऑर्डर शेजारी बसून, घाई न करता करा. मी आणि माई दोन दुपारी बसलो. महिन्याला लागणारी प्रत्येक वस्तू आम्ही एकदा शोधली, तीच कंपनी, तोच आकार. डायपरमध्ये तर आकार चुकला तर सगळं वाया, आणि उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत. आकार कमरेच्या मापावर ठरतो, म्हणून माईंनी आधी टेपने यजमानांचं माप घेतलं. एकदा ही ऑर्डर पार पडली की पुढे 'पुन्हा मागवा' हे बटण असतं. जुन्या ऑर्डरमधली वस्तू दाबली की झालं. शोधाशोध नाही, इंग्रजी स्पेलिंग नाही, जाहिरातींच्या भाऊगर्दीत हरवणं नाही. वयस्कर माणसासाठी सगळ्या ॲपमध्ये कामाचं बटण हेच आहे आणि ते कोणी दाखवत नाही.

एक बारीक गोष्ट. दिसत नाही म्हणून मुलं आईच्या फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून देतात. काही ॲपमध्ये त्यामुळे 'पुढे जा' हे बटण स्क्रीनच्या खाली ढकललं जातं आणि दिसतच नाही. माई अर्धा तास त्या एका पानावर अडकून बसल्या होत्या. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन अक्षरं एक पायरी कमी केली, बटण हजर.

"ओटीपी कुणालाही सांगू नका" आणि "आजी, ओटीपी सांगा"

खातं बदललं, ओटीपी माईंच्या फोनवर आला, पोरगा दारात उभा, आणि माई सांगेनात! "बँकेने बजावलंय, कुणालाही सांगायचा नाही." त्यांचं काय चुकलं? वर्षानुवर्षं बँकेचा मेसेज, टीव्ही, रेडिओ, फोनची रिंग वाजायच्या आधीची टेप, सगळे हेच सांगत आले आहेत. आणि एक दिवस अनोळखी मुलगा दारात येऊन तोच आकडा मागतो. गोंधळायचं नाही तर काय करायचं? दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन ठेवलं आहे, त्याचा हा त्रास.

दारातला ओटीपी ही पोच आहे. पूर्वी पोस्टमन रजिस्टर पत्र देऊन सही घ्यायचा, तसंच. बँकेचा ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. दोन्ही ओळखायला मी माईंना तीन प्रश्न दिले. हे सामान मी मागवलं होतं का? पार्सल माझ्या डोळ्यांसमोर आहे का, त्यावर माझं नाव आहे का? मेसेजमध्ये बँकेचं नाव नाही ना? तिन्हींची उत्तरं बरोबर असली तरच आकडा सांगायचा, आणि तो दारात, तोंडी. फोनवर कधीच नाही.

फोनवरचं मुद्दाम सांगते, कारण ठकसेन याच गोंधळावर जगतात. "तुमच्या नावाचं पार्सल आलंय. तुम्ही मागवलं नसेल तर रद्द करतो, फक्त आलेला ओटीपी सांगा," असा फोन येतो. रद्द करायला आपला ओटीपी लागतो हे सांगणाराच खोटा समजा. दुसरा प्रकार अधिक वाईट आहे. "मी डिलिव्हरी बॉय, पत्ता सापडत नाही, हा नंबर दाबून मला फोन करा" म्हणतात आणि तो नंबर चांदणीच्या खुणेने सुरू होतो. तो दाबला की आपले कॉल त्यांच्या फोनवर वळतात आणि मग बँकेचे फोनही तेच उचलतात. असं झाल्याची शंका आली तर ##००२# डायल करा, वळवलेले सगळे कॉल बंद होतात. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, मुलाच्या फोनची वाटही बघू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, तो लगेच फिरवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जायच्या आत अडवण्याची शक्यता जास्त.

पोरगा म्हणतो फोन केला, आई म्हणते वाजलाच नाही

दोघंही खरं बोलत असतात. ठकांच्या भीतीने मुलांनी आईच्या फोनमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू केलेली असते, किंवा स्पॅम ओळखणारं ॲप टाकून सगळं अडवलेलं असतं. डिलिव्हरीचा फोन दर वेळी वेगळ्याच नंबरावरून येतो, कारण बऱ्याच कंपन्या ग्राहकाचा आणि पोरग्याचा खरा नंबर एकमेकांना दाखवत नाहीत. फोन त्याला अनोळखी समजून गप्प करतो, पोरगा 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी नोंद करून निघून जातो.

ही सोय कायमची बंद करा असं मी म्हणणार नाही, भीती खरी आहे. ज्या दिवशी सामान यायचं त्या दिवसापुरती बंद ठेवा. मेसेजच्या ॲपमध्ये 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले' असं एक फोल्डर असतं, तेही उघडून बघा. आमच्या एका मैत्रिणीचे ओटीपी तिथेच जाऊन पडत होते.

तीन पिन

माईंचा मुलगा एकदा फोनवर चिडून म्हणाला, "आई, पिन नीट टाक ना!" माई बिचाऱ्या पुन्हा पुन्हा ४११ ने सुरू होणारे सहा आकडे टाकत राहिल्या. त्याला म्हणायचं होतं नकाशावरची पिन. मग त्यांनी पैसे भरायचा पिन टाकून पाहिला, तोही चुकीच्या चौकटीत. एकाच शब्दाचे तीन अर्थ आणि समजावणाऱ्याला वाटतं ऐकणाऱ्याला कळलं.

पिनकोड आपल्या पिढीला चांगला ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि ज्यांनी तो बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्या सहा आकड्यांवर पत्र बरोबर टपाल कार्यालयात पोचायचं, पुढचं पोस्टमनला पाठ असायचं. आता दारात येणाऱ्या पोरग्याला काहीच पाठ नसतं. तो आज इथे, उद्या तिथे. तो नकाशावरच्या टिंबावर चालतो आणि ते टिंब पत्ता लिहिणारा त्या क्षणी जिथे बसलेला असतो तिथे बसतं, जर कोणी हलवलं नाही तर. भाचीने ठाण्यात बसून माईंचा पत्ता घातला होता. अक्षरांत पुणे, नकाशात ठाणे.

म्हणून पत्ता घरात बसून, खिडकीजवळ, लोकेशन चालू करून घाला. टिंब बोटाने सरकवून आपल्या इमारतीच्या त्या दारावर ठेवा जे खरोखर उघडं असतं. आमच्या मागच्या गल्लीतलं फाटक कायम बंद असतं आणि नकाशा मात्र सगळ्यांना तिकडेच आणतो. खुणेच्या रकान्यात ठसठशीत लिहा: "मारुतीच्या देवळासमोरचं फाटक, तिसरा मजला, लिफ्ट नाही." लिफ्ट नसल्याचं लिहिलंच पाहिजे. पाच किलो कणीक आणि तेलाचा कॅन घेऊन चढणाऱ्याला ते आधी कळावं. दुसऱ्यांचे जुने पत्ते यादीतून काढून टाका, नाहीतर एक दिवस डायपर ठाण्याला जातील.

पैशांचं

इथे मुलांची भीती सगळ्यात मोठी असते आणि त्यामुळेच ती आईला खातं उघडू देत नाहीत. त्यांना मी सांगते, पहिले दोन-तीन महिने सामान आल्यावर पैसे द्यायची सोय निवडा. रोख द्या, नाहीतर पोरग्याच्या फोनवरचा कोड स्कॅन करून. त्यात भरवसा बसला की पुढचं बघा. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडू नका. वेगळं बचत खातं काढून त्यात महिन्याच्या सामानापुरते चार-पाच हजारच ठेवा. ॲपमध्ये कार्ड साठवू नका. मूल भारतात असेल तर 'यूपीआय सर्कल' ही २०२४ पासूनची सोय बघण्यासारखी आहे. आई आपल्या फोनवरून पैसे देते, ते जातात मुलाच्या खात्यातून, आणि प्रत्येक व्यवहाराला मुलाची मंजुरी घ्यायची की ठरावीक मर्यादेपर्यंत मोकळीक द्यायची हे आधी ठरवता येतं.

आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा खात्यातली शिल्लक बघायला लागतो. परतावा घ्यायला पिन कधीही लागत नाही. हे वाक्य माईंनी स्वतःच्या अक्षरात फ्रिजवर लावलं आहे.

पैसे कापले गेले आणि ऑर्डर झालीच नाही, असंही होतं. लगेच पुन्हा बटण दाबू नका. आधी 'माझ्या ऑर्डर' उघडून बघा, कारण चाक फिरत राहिलं तरी ऑर्डर गेलेली असू शकते आणि मग दारात दुप्पट सामान येतं. खरंच अडकले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला यूपीआयने दिलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहाराचा नंबर वहीत लिहून ठेवा, बँक तोच विचारते.

सामान खराब आलं, कमी आलं, तर पिशवी फोडण्याआधी फोटो काढा. कंपनीकडे तक्रार केल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत लिहिलेलं आहे. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं.

सगळंच ऑनलाइन मागवावं असं माझं म्हणणं नाही. भाजी मी अजून हाताने निवडून घेते. कोपऱ्यावरच्या वाण्याचा नंबर माईंच्या फोनमध्ये पहिला आहे, एका फोनवर तो अर्धा किलो साखर वर पाठवतो आणि "काका कसे आहेत?" असं विचारतो. पण डायपरचं वेगळं आहे. दुकानात चार माणसांत ते मागताना माईंचा आवाज खाली जायचा, आकार विचारला की त्या तशाच परत यायच्या. आता ते खोक्यातून येतात, कोणाला काही कळत नाही. ही सोय माईंच्या हातात, त्यांच्या फोनमध्ये, त्यांच्या वेळेला असावी, एवढ्यासाठी मी या सगळ्याच्या मागे लागले.

दीडेक महिना छान चाललं आणि पुन्हा एक दिवस ओटीपी येईना. खातं माईंचं, नंबर बरोबर, स्पॅमचं फोल्डर रिकामं. मी माझ्या फोनवरून त्यांना साधा मेसेज पाठवून पाहिला, तोही पोचला नाही. घरात वायफाय असल्यामुळे व्हॉट्सॲप चालू होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फोनचं रिचार्ज संपलं होतं. ते न्यू जर्सीहून मुलगा करायचा आणि कामाच्या गडबडीत राहून गेलं. खाली उभ्या असलेल्या पोरग्याला मी वरूनच हाक मारून थांबवलं, माझ्या फोनवरून रिचार्ज केलं, थोड्या वेळाने मेसेज आला, माईंनी चार आकडे मोठ्याने वाचले. आता त्यांच्या कालनिर्णयवर रिचार्जच्या दोन दिवस आधीच्या तारखेभोवती लाल गोल असतो, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.